चार अंगुळांच्या पुढे

आमच्या भिगवणात पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेच्या भिंती वाचत गेले, तर सिमेंट, बियाणे आणि कोचिंग क्लासच्या जोडीने एक मजकूर हमखास भेटतो: मूळव्याध, भगंदर, फिशर, ऑपरेशनशिवाय खात्रीशीर इलाज. इंदापूर, बारामती, दौंड, कुठेही जा, भिंत बदलते, मजकूर बदलत नाही. शौचावाटे रक्त पडले की आपल्याकडे त्याचे निदान घरातच होते, आणि ते एकाच शब्दात होते. आजोबांना होती, वडिलांना होती, आता मला झाली. उष्णता वाढली, तिखट कमी करा, ताक प्या. बहुतेक वेळा हे निदान बरोबरही असते. पण मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगातही पहिली खूण पुष्कळदा तीच असते, रक्त. दोन्हींतला फरक बाहेरून कळत नाही. आत पाहावे लागते.

मी डॉक्टर नाही. वाचनाच्या खोडीने एकेका विषयामागे लागणारा माणूस आहे. गेली काही वर्षे मी या ‘आत पाहण्याच्या’ इतिहासामागे आहे. माणसाने आतड्यात उजेड कसा नेला, आणि तो उजेड आमच्यासारख्या तालुक्यांपर्यंत कोणत्या वाटेने आला किंवा आला नाही, असे दोन प्रश्न. पहिल्याचे उत्तर पुस्तकांत सापडते. दुसऱ्याच्या उत्तरासाठी भिगवणहून रेल्वेने कुर्डुवाडी आणि तिथून बार्शी गाठावी लागते.

सुरुवात आपल्याच ग्रंथांपासून करता येते. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त, सूत्रस्थानातल्या यंत्रांच्या अध्यायात, अर्शयंत्र सांगितले आहे. गायीच्या सडाच्या आकाराची ही नळी चार अंगुळे लांब, पुरुषांसाठी पाच अंगुळे घेराची आणि स्त्रियांसाठी सहा. पुढचा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. रोग पाहण्यासाठी नळीला दोन छिद्रे असावीत आणि उपचार करण्यासाठी एकच. म्हणजे पाहणे आणि इलाज करणे ही दोन वेगळी कामे आहेत, त्यांना वेगळी हत्यारे लागतात, हे त्या वैद्याला पक्के ठाऊक होते. आणि क्रमही ठाऊक होता: आधी दर्शन, मग कर्म. आमच्या भिंतींवरच्या मजकुरात यातला दुसरा भाग शिल्लक आहे, पहिला गळाला आहे.

चार अंगुळे म्हणजे जेमतेम सात-आठ सेंटिमीटर. मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब. माणसाने पाहिलेला आतड्याचा भाग कित्येक शतके या चार अंगुळांइतकाच राहिला. अडचण दोन गोष्टींची होती. आत अंधार असतो, आणि वाट वाकडी असते.

अंधारावरचा इलाज आधी सापडला. 1806 साली फ्रँकफुर्टच्या फिलिप बोझिनी नावाच्या डॉक्टरने मेणबत्ती, आरसा आणि नळी यांचे एक यंत्र प्रसिद्ध केले. व्हिएन्नाच्या वैद्यक विद्यापीठातल्या मंडळींनी ते नापसंत केले आणि बोझिनी 1809 साली, वयाच्या पस्तिशीतच वारला. 1853 साली पॅरिसच्या देसोर्मो यांनी मद्यार्क आणि टर्पेंटाइनवर जळणारा दिवा वापरला. 1868 साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये कुसमाउल यांनी जठरात सरळ नळी घालून पाहिली, तीही कोणाच्या, तर तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका माणसाच्या. आपल्या जत्रेतल्या डोंबाऱ्याकडे असल्या कामासाठी कोणी गेल्याचे माझ्या वाचनात नाही. 1895 मध्ये बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली यांनी गुदाशय पाहण्याच्या सरळ नळ्या तयार केल्या. अशा नळीने फार तर पंचवीस सेंटिमीटर दिसत. पुढे आतडे वळते, आणि सरळ नळी वळत नाही.

वळणावर उजेड नेण्याची गोष्ट मात्र पाण्यापासून सुरू झाली. 1841 साली जिनिव्हात दानिएल कोलादो यांनी टाकीच्या छिद्रातून पडणाऱ्या पाण्याच्या धारेत मागून प्रकाश सोडला. धार जशी वाकली तसा प्रकाशही तिच्याबरोबर वाकत गेला. कारण सोपे आहे. पाण्यातून हवेकडे जाणारा किरण फारच तिरका असला, तर तो बाहेर पडत नाही, आतल्या आत परततो. धारेच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर आपटत तो पुढे सरकतो. उजनीच्या फुगवट्यात सकाळी काठी बुडवून ती वाकलेली पाहणाऱ्या कोणालाही या नियमाचे निम्मे शिक्षण मिळालेले असते.

पाण्याच्या जागी काचेचा तंतू घेतला की तीच युक्ती शरीरात नेता येते. 1930 साली म्युनिकमधला वैद्यकाचा एक विद्यार्थी, हाइनरिख लाम, याने काचतंतूंच्या जुडग्यातून दिव्याच्या तारेची प्रतिमा पलीकडे नेऊन दाखवली. प्रतिमा अंधूक होती, कोणी फारसे लक्ष दिले नाही. मग 2 जानेवारी 1954 च्या ‘नेचर’मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधले हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि त्यांचे पंजाबी विद्यार्थी नरिंदरसिंग कपानी यांचा छोटा लेख आला. हजारो तंतूंची, पाऊण मीटर लांबीची, वाकणारी जुडी आणि तिच्यातून जाणारे चित्र. याच अंकात हॉलंडच्या व्हान हेल यांचाही लेख होता. त्यातला मुद्दा पुढे निर्णायक ठरला: तंतूला वेगळ्या पदार्थाचे आवरण हवे, नाहीतर प्रकाश एका तंतूतून शेजारच्या तंतूत गळतो. ‘फायबर ऑप्टिक्स’ हा शब्द कपानींनी रूढ केला. ते मोगा गावचे, 1926 चा जन्म, 2020 साली गेले. 2009 चे भौतिकशास्त्राचे नोबेल काचतंतूंसाठी दिले गेले तेव्हा ते चार्ल्स काव यांना मिळाले, तेही दूरसंचारातल्या कामासाठी. त्याबद्दलची हळहळ आपल्या वर्तमानपत्रांनी पुष्कळ व्यक्त केली. मला त्या हळहळीत फार रस नाही. कपानींचे काम ज्या आतड्यांसाठी उपयोगी पडले, त्यांतली आपली किती, हा प्रश्न मला अधिक टोचतो.

आवरणाचा प्रश्न सोडवला तो अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात शिकणाऱ्या लॅरी कर्टिस या मुलाने, 1956 च्या डिसेंबरात. एका जातीच्या काचेची कांडी दुसऱ्या जातीच्या काचेच्या नळीत घालायची, दोन्ही एकत्र वितळवायच्या आणि तार ओढायची. पुढच्याच फेब्रुवारीत त्याचे वरिष्ठ, डॉ. बेसिल हिर्शोवित्झ, यांनी या तंतूंची दुर्बीण प्रथम स्वतःच्या घशाखाली घातली. ती जठराची होती. आतड्याकडे वळायला आणखी बारा वर्षे लागली. 1969 मध्ये न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी वाकणारी नळी मोठ्या आतड्यात दूरवर नेली, आणि शिन्यांनी तिच्यातून तारेचा फास सरकवून आतड्याच्या भिंतीवरचा कोंब मुळापासून कापून बाहेर काढला. पोट उघडावे लागले नाही.

हा प्रसंग मी शस्त्रक्रियेच्या इतिहासातल्या मोठ्या प्रसंगांत धरतो. मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा एकदम उगवत नाही. आधी आतल्या अस्तरावर एक निरुपद्रवी कोंब येतो, डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात, आणि त्यांतल्या काहींचे अनेक वर्षांनी कर्करोगात रूपांतर होते. म्हणजे इथे निसर्गाने मुदत दिलेली आहे. त्या मुदतीत कोंब दिसला आणि काढला, तर कर्करोग होतच नाही. अमेरिकेत सिडनी विनावर आणि सहकाऱ्यांनी असे कोंब काढलेल्या 1418 जणांवर लक्ष ठेवले. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात अपेक्षेपेक्षा कर्करोग 76 ते 90 टक्के कमी आढळला. वाग्भटाच्या दोन नळ्या इथे एक झाल्या: पाहता पाहताच इलाज.

पण पाहणे म्हणजे केवळ उजेड पडणे नव्हे. काही कोंब चपटे असतात, अस्तराच्याच रंगाचे, आणि भर उजेडात चुकतात. यावर जपानी डॉक्टरांनी जो उपाय केला तो आपल्या धोब्याला समजला असता. त्यांनी नीळ वापरली. नीळ आम्लात विरघळवून केलेला ‘इंडिगो कार्मिन’ हा रंग आतड्याच्या अस्तरावर फवारला की तो पेशींत मुरत नाही, खाचाखळग्यांत साचतो, आणि पृष्ठभागाची नक्षी उठून दिसते. अकिताच्या रेडक्रॉस रुग्णालयातले शिन-एई कुदो यांनी 1990 च्या दशकात या नक्षीचे प्रकार लावून दिले. गोल ठिपके असतील तर निर्धास्त, लांबट किंवा फांद्या फुटलेल्या खाचा दिसल्या तर कोंब काढावा, नक्षीच पुसली गेली असेल तर कर्करोग खोल गेला असण्याची शक्यता.

त्यापुढची पायरी रंगाशिवाय रंगाचे काम करण्याची. रक्तातले हिमोग्लोबिन 415 आणि 540 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश, म्हणजे निळा-जांभळा आणि हिरवा, जोरात शोषून घेते. पांढऱ्या उजेडातून बाकीचे रंग गाळून एवढेच दोन पट्टे आत सोडले, तर रक्तवाहिन्या काळपट-तपकिरी रेषांसारख्या उमटतात. शिवाय निळा प्रकाश ऊतीत खोल शिरत नाही, वरच्या थरातच परततो, म्हणून वरच्या बारीक वाहिन्या नेमक्या दिसतात. वाढणाऱ्या गाठीला रक्त जास्त लागते, तिच्यावर वाहिन्यांचे जाळे दाट आणि वेडेवाकडे असते. ऑलिम्पस कंपनी आणि जपानचे राष्ट्रीय कर्करोग केंद्र यांनी 1999 पासून हे तंत्र जुळवले आणि 2005-06 च्या सुमारास ते बाजारात आले. आता डॉक्टर एक बटण दाबतो आणि पडद्यावरचे आतडे रंग बदलते.

आपल्याकडेही या अंगाने काम झाले आहे. प्रकाश पदार्थावर आदळून परतताना किंचित रंग बदलतो, हा रामन यांचा 1928 चा शोध. खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत तो कर्करोगाच्या पेशी ओळखण्यासाठी वापरला गेला. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात लेसर पाडून ऊतीतून उमटणारी मंद चमक मोजणारी यंत्रे झाली. या दोन्ही ठिकाणी भर मुख्यतः तोंडाच्या कर्करोगावर राहिला. तंबाखूच्या देशात तो तसा असणे रास्तच आहे. पण यातून दुसरा प्रश्न पुढे येतो: कोणता अवयव आधी पाहायचा, हे ठरवते कोण?

आकडे ठरवतात. आणि आकडे कोणीतरी मोजावे लागतात. मुंबईत भारतीय कर्करोग संस्थेने 1963 साली लोकसंख्येवर आधारित नोंदणी सुरू केली, देशातली पहिली. त्याच दशकात रेल्वेत वैद्यकीय अधिकारी असलेले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी पचनसंस्थेच्या कर्करोगांचा भारतातला भूगोल मांडला. ‘गट’ या ब्रिटिश नियतकालिकात 1967 साली तो लेख आला. पुढे त्यांनी मुंबईच्या नोंदी वापरून मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा संबंध खाण्यातल्या चोथ्याशी आणि दह्याताकाशी लावून पाहिला. त्यांची कारणमीमांसा सगळी टिकलेली नाही, पण विचारण्याची रीत मला मोलाची वाटते. मात्र हे सारे शहरांचे आणि नोकरदारांचे आकडे. खेड्याचा आकडा कोणाजवळच नव्हता.

तो बार्शीने दिला. नर्गिस दत्त यांच्या नावाच्या तिथल्या कर्करोग रुग्णालयात 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली 346 गावे तिच्यात धरली. डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. बी. एम. नेने ही या कामातली दोन मोठी नावे. शहरातल्या नोंदणीचा रिवाज असा, की रुग्णालये आणि प्रयोगशाळांची दप्तरे चाळायची आणि रुग्ण मोजायचे. इथे तो चालणार नव्हता, कारण खेड्यातला रुग्ण दप्तरापर्यंत पोचतच नव्हता. तो घरात आजारी पडत होता आणि घरातच मरत होता. म्हणून बार्शीच्या नोंदणीने क्षेत्रकर्मचारी नेमले. ते ठरावीक काळाने गावोगाव जात, लोकांशी बोलत, कर्करोगाची लक्षणे समजावून सांगत, कोणाला गाठ आहे, कोणाला न थांबणारा रक्तस्राव आहे हे विचारत आणि अशा माणसाला तपासणीला यायला राजी करत. मोजण्यासाठी आधी विचारावे लागले.

यातून एक गोष्ट अशी घडली, जी मोजणाऱ्यांच्या मूळ कामात नव्हती. 1995 साली डॉ. जयंत आणि सहकाऱ्यांनी लिहिलेल्या निबंधात दिसते, की या भागात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात होऊ लागले. नवे यंत्र आले नव्हते. घरी येऊन विचारणारे माणूस आले होते.

नोंदवहीतून जे चित्र उभे राहिले त्यात स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सगळ्यांत वर होता आणि मोठ्या आतड्याचा खूप खाली, मुंबईपेक्षाही खाली. त्यामुळे पुढचे मोठे काम गर्भाशयमुखावर झाले. ऑक्टोबर 1999 पासून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रियांना 52 समूहांत विभागून एक प्रयोग झाला. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा तो उपक्रम. एका गटाची तपासणी चार-पाच टक्के अ‍ॅसेटिक आम्लाने, थोडक्यात व्हिनेगरने, होत होती. प्रशिक्षित परिचारिका ते लावून मिनिटभर थांबे आणि हॅलोजनच्या दिव्यात नुसत्या डोळ्यांनी पाही. बिघडलेला भाग पांढरा पडतो.

अकितातली नीळ आणि धाराशिवचे व्हिनेगर ही मला सख्खी भावंडे वाटतात. दोन्हीत पृष्ठभागावर काहीतरी लावायचे आणि मग उजेडात पाहायचे. फरक खर्चाचा, आणि कोण पाहते याचा.

निकाल 2009 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आला आणि माझ्यासारख्या प्रकाशवाद्याची पंचाईत करून गेला. डोळ्यांच्या तपासणीने मृत्यू ठळकपणे कमी झाले नव्हते. ते झाले विषाणूच्या चाचणीने. एकदाच केलेल्या त्या चाचणीच्या गटात 34 मृत्यू, आणि ज्या गटात तपासणी झाली नाही त्यात 64. (या 64 च्या आकड्यावरून पुढे वाद झाला. तपासणी न देता ठेवलेल्या बायकांचे काय, हा त्यातला प्रश्न. तो विचारला गेला हे बरे झाले.) मुंबईच्या वस्त्यांमधल्या दुसऱ्या प्रयोगात मात्र तीच व्हिनेगरची तपासणी दर दोन वर्षांनी होत राहिली आणि मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. एकदा पाहणे आणि पाहत राहणे यांत एवढा फरक पडतो.

आतड्याच्या बाबतीत जगाचा अनुभव याहून फार निराळा नाही. विनावरांचा अहवाल आला त्याच 1993 साली मिनेसोटातल्या प्रयोगाचे आकडे आले: दरवर्षी विष्ठेतले अदृश्य रक्त तपासले, म्हणजे कागदावर नमुना आणि त्यावर एक थेंब, एवढ्यानेच या कर्करोगाचे मृत्यू 33 टक्के घटले. नळीची तपासणी पुढे, ज्यांचा कागद रंग बदलेल त्यांच्यासाठी. आणि 2022 मध्ये पोलंड, नॉर्वे, स्वीडन इथल्या सुमारे 85 हजार लोकांच्या प्रयोगात नळीच्या तपासणीचे निमंत्रण मिळालेल्यांत दहा वर्षांत कर्करोग 18 टक्केच कमी निघाला. टीका झाली, नळी बदनाम झाली. पण त्या आकड्यामागे दुसरा आकडा आहे. निमंत्रण मिळालेल्यांपैकी 42 टक्केच तपासणीला आले होते. सुखवस्तू युरोपातली ही गत. आदल्या दिवशी लिटर-लिटर रेचक पिऊन पोट रिकामे करायला, कसलाही त्रास नसताना, इंदापूर तालुक्यातला ऊसतोडीचा मुकादम किती खुशीने जाईल?

आपल्या देशाच्या कार्यक्रमात हा प्रश्न अजून उभाच राहिलेला नाही. 2016 च्या मार्गदर्शक आराखड्यानुसार तिशीपुढच्या लोकांची तपासणी तीन जागांची: तोंड, स्तन, गर्भाशयमुख. मोठे आतडे आणि गुदाशय यादीत नाहीत. आकड्यांनुसार हे चूक म्हणता येत नाही. भारतात पुरुषांमध्ये लाखात मोठ्या आतड्याचे 4.4 आणि गुदाशयाचे 4.1 असे प्रमाण भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2014 च्या दस्तऐवजात दिले आहे. पश्चिमेच्या तुलनेत हे फार थोडे आहे.

तरी या दोन आकड्यांकडे मी पुन्हा पुन्हा पाहतो. पश्चिमेत गुदाशयापेक्षा वरच्या आतड्याचे रुग्ण बरेच जास्त असतात. आपल्याकडे दोन्ही जवळपास सारखे, म्हणजे निम्मी दुखणी अगदी शेवटच्या वीतभर भागातली. टाटा रुग्णालयातल्या 800 रुग्णांचा आढावा 2017 साली आला, त्यात रुग्णांचे सरासरी वय 47 च्या आसपास होते. कर्ते वय. गुदाशयाच्या खालच्या टोकाची गाठ पुष्कळदा डॉक्टरच्या हातमोजा घातलेल्या बोटाला लागते. तिथे काचतंतू नको, निळा प्रकाश नको, वाग्भटाची चार अंगुळेही कधी कधी पुरतात. मात्र रक्त पडते म्हणून आलेल्या माणसाला पलंगावर कुशीवर झोपवून ती अर्ध्या मिनिटाची तपासणी कोणीतरी करावी लागते, आणि त्याने ती करू द्यावी लागते. भिंतीवरचा इलाज हे दोन्ही चुकवण्याची सोय पुरवतो.

यादी बदलायची तर आकडे वाढलेले दिसले पाहिजेत. आकड्यात यायचे तर निदान व्हायला हवे. आणि निदान व्हायचे तर रुग्णाने मूळव्याधीच्या पुड्या सोडून कोणाच्या तरी टेबलापर्यंत यायला हवे. या फेऱ्यातून बाहेर पडण्याची एकच वाट आपल्या भागात चालून पाहिलेली आहे, ती 1987 ची, 346 गावांची. बार्शीची नोंदणी आजही चालू आहे, पण भीमेच्या अलीकडची आमची गावे त्या 346 मध्ये नाहीत. परांडा तालुक्यात एखाद्याला शौचावाटे रक्त पडते का, हे विचारायला माणूस दारात येतो. भिगवणात ते अजून कोणी विचारायला आलेले नाही.